आजीच्या देवघरातला हिरवा दगड: पाचू की आणखी काही?

ओढ्याकाठची | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझं माहेर शिरूर तालुक्यात. गेल्या आठवड्यात आजीचं घर रंगवायला काढलं म्हणून देवघरातलं सगळं परातीत काढून ठेवलं. टाक, शाळिग्राम, गंगेची लोटी आणि एका तांब्याच्या वाटीत हळदीकुंकवाने माखलेला एक हिरवा दगड. लहानपणापासून बघतेय, पण आजी कुणाला हात लावू देत नसे. "पाचू हाय तो" एवढंच सांगायची आणि दर बुधवारी त्यावर दूध घालायची.

मी तो साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुतला. पन्नास वर्षांचं कुंकू निघाल्यावर आतून जे दिसलं त्याने मी खालीच बसले. लिंबाएवढा आहे. रंग फिकट हिरवा, कैरीच्या गरासारखा, आणि बराचसा आरपार दिसणारा. एका टोकाला निमुळता. बुडाशी फिकट गुलाबी-केशरी रंगाचं काहीतरी चिकटलेलं आहे, ते ब्रशने निघत नाही.

आजी म्हणते तो विहिरीत सापडला. गावातल्या एका माणसाने पूर्वी पाच हजाराला मागितला होता, आजीने दिला नाही. मला विकायचा नाहीये. फक्त कळायला हवंय की हे आहे काय. फोटो जोडलेत.

*

उगाच_एक | शनिवार, रात्री ९:५२

नागमणी. आता रात्री अंगणात ठेवा आणि लांबून बघत बसा.

*

ग्रहमान | शनिवार, रात्री १०:१५

ताई, बुधाचं रत्न आहे. आजींच्या हातून इतकी वर्षं पूजा झाली आहे म्हणजे सिद्ध झालेलं आहे. मिथुन किंवा कन्या रास कुणाची असेल तर चांगल्या सोनाराकडून पैलू पाडून करंगळीत घाला. विकू तर अजिबात नका.

*

सराफकट्टा | शनिवार, रात्री १०:३८

ग्रहमान, जरा थांबा. पैलू पाडायला घेतला आणि तो पाचू नसला तर ताईंकडे ना पाचू राहील ना दगड.

आमची तिसरी पिढी या धंद्यात आहे. फोटोवरून रत्न ओळखणारा माणूस एक तर थापा मारतो किंवा विकत घ्यायला आलेला असतो. तरी एक सांगतो. पाचू आतून इतका स्वच्छ सहसा नसतो. त्यात जाळं असतं, भेगा असतात, आणि म्हणूनच बाजारातले बहुतेक पाचू तेलात मुरवलेले असतात. लिंबाएवढा, पाण्यासारखा स्वच्छ पाचू तांब्याच्या वाटीत पन्नास वर्षं पडून राहिला असेल तर आजींना माझा साष्टांग नमस्कार, पण मला शंका आहे.

*

काळापाषाण | रविवार, सकाळी ६:२०

फोटो पाहिले. नाव माझ्या मनात आलेलं आहे, पण ते आत्ता सांगणार नाही. तीस वर्षं मुलांना भूशास्त्र शिकवलं, त्यात एक खोड लागली. मुलं दगड हातात आला की रंग बघून नाव ठोकतात, आणि रंग हा दगडाचा सगळ्यात खोटारडा साक्षीदार. हिरवा पाचू असतो, हिरवी काच असते, हिरवा फ्लुओराइट असतो, प्रेहनाइट असतो, रंग चढवलेला अकीक असतो.

ताई, आधी विहिरीबद्दल सांगा. शिरूर तालुका म्हणजे काळ्या पाषाणाचाच मुलूख, पण विहीर किती खोल होती, हा दगड खडकाच्या पोकळीत होता की मातीत, त्याच्याबरोबर आणखी काय निघालं, हे आजींना विचारा. मग दगडाचं टोक मोजा: वरून पाहिलं तर त्याला किती बाजू दिसतात? चार की सहा? आणि निमुळत्या टोकाचं शेंडं सपाट कापल्यासारखं असेल तर त्या छोट्या सपाटीची चमक बाजूच्या चमकीसारखीच आहे का?

*

ओढ्याकाठची | रविवार, दुपारी १:०५

सर (सर म्हटलं तर चालेल ना?), आजीला विचारलं. तिने अर्धा तास सांगितलं, त्यातलं कामाचं देते.

विहीर बहात्तरच्या दुष्काळात पाडली. वर मुरूम, खाली काळा पाषाण. वडार मंडळी सुरुंग लावायची आणि बायका पाट्या भरभरून दगड वर आणायच्या. सात परसांवर, म्हणजे सात पुरुष खोलीवर, एक सुरुंग उडाला तेव्हा खडकात "हंडाभर भोकसा" उघडा पडला, आत सगळं चमचम करत होतं. काम करणारे घाबरून वर आले, कुणीतरी नारळ फोडला. मग आत हात घालून जे निघालं ते वाटून घेतलं. आजीच्या वाट्याला हा आला. पांढऱ्या सुया होत्या म्हणते, "बोराच्या काट्याच्या झुबक्यावानी, हात लावला की मोडायच्या". आणि "लोण्याच्या रंगाची पंख्यासारखी फुलं" होती.

वरून बघितलं तर बाजू चार. अगदी चौकोन, कोपरे जरा तासल्यासारखे. आणि हो, शेंड्याला हरभऱ्याच्या डाळीएवढी सपाटी आहे. तिची चमक वेगळी आहे! बाजू काचेसारख्या चमकतात आणि ही सपाटी शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. हे मी पन्नास वेळा हातात घेऊन पाहिलं नव्हतं, तुम्ही विचारल्यावर दिसलं.

*

गारगोटीवाला | रविवार, दुपारी १:४०

आजींचा "भोकसा" शब्द वाचून अंगावर काटा आला!! मी नाशिकचा, बावीस वर्षं दगड गोळा करतोय, घरच्यांनी नाद सोडलाय. सर बोलत नाहीत तर मीही नाव सांगत नाही, पण मला आत्ता शिरूरची बस पकडावीशी वाटतेय.

कृपा करून त्याला उकळू नका, ॲसिडमध्ये घालू नका, व्हिनेगरमध्येही नाही. गॅसजवळ नको. बुडाशी चिकटलेलं केशरी खरवडू तर अजिबात नका, त्या दगडाचं आधारकार्ड तेच आहे.

*

सराफकट्टा | रविवार, दुपारी २:३०

चार बाजू? मग पाचूचा विषय संपला. पाचूचा कच्चा स्फटिक सहा बाजूंचा असतो, पेन्सिलीसारखा.

*

ग्रहमान | रविवार, दुपारी ३:१०

खाणीत तुटून दोन बाजू गेल्या असतील.

*

काळापाषाण | रविवार, दुपारी ४:००

ग्रहमान, शंका वाईट नाही, पण तुटलेली बाजू आणि वाढलेली बाजू वेगळी दिसते. आणि मुख्य अडचण बाजूंची नाहीच. पाचूला बेरिलियम लागतं. ते ग्रॅनाइटशी नातं सांगणाऱ्या खडकांतून येतं, म्हणून आपल्याकडे पाचू राजस्थानात अजमेर ते उदयपूरच्या पट्ट्यात सापडले. शिरूरखाली लाव्हाचे थर आहेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेले. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, लाव्हा थिजला, बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून गरम पाणी झिरपत राहिलं आणि खडकातलं कॅल्शियम, सोडियम, सिलिका विरघळवून पोकळीच्या भिंतींवर स्फटिकांच्या रूपात बसवत गेलं. आजींचा हंडाभर भोकसा तो हाच. त्यात पाचू सापडणं म्हणजे आंब्याच्या झाडाला फणस लागणं.

आता एक प्रयोग करू या, घरात होण्यासारखा. स्वयंपाकाचा डिजिटल काटा आहे का? दगड कोरडा करून वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हातात धरून लोंबकळत ठेवा. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी दगडाने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा, विशिष्ट गुरुत्व मिळेल, म्हणजे तेवढ्याच पाण्यापेक्षा दगड किती पट जड ते. आर्किमिडीजची आंघोळ, दुसरं काही नाही.

*

ओढ्याकाठची | रविवार, रात्री ८:१५

केलं. कोरडं वजन ४१ ग्रॅम. पाण्यात आकडा २९. भागाकार १.४१.

सर, हा दगड आहे की लाकूड?

*

उगाच_एक | रविवार, रात्री ८:१७

सांगितलं होतं ना नागमणी म्हणून. नागमणी हलका असतो.

*

काळापाषाण | रविवार, रात्री ८:३०

दगड भांड्याच्या बुडाला टेकला. टेकला की त्याचा भार थेट काट्यावर येतो आणि आकडा फुगतो. मोठं भांडं घ्या, दोरा आखूड धरा, बाजूंनाही लागू देऊ नका. बुडाशी बुडबुडे चिकटले असतील तर बोटाने हलवून घालवा.

*

ओढ्याकाठची | रविवार, रात्री ९:००

यावेळी मुलाला दोरा धरायला लावला, मी काटा बघितला. आकडा १७ आणि १८ च्या मध्ये उड्या मारतोय. म्हणजे २.४१ किंवा २.२८.

*

काळापाषाण | रविवार, रात्री ९:२०

शाब्बास. आता गंमत बघा. पाचूचं गुरुत्व साधारण २.७. हा पाचू असता तर काटा १५ वर थांबला असता. स्फटिक, म्हणजे आपली गार, २.६५, तिथेही आकडा १५-१६. फ्लुओराइट ३.१८, आकडा १३. हे सगळे गेले. काच मात्र अजून दारात उभी आहे. साधी काच २.५ च्या आसपास असते, आकडा १६ किंवा १७ आला असता, आणि तुमचा काटा एका ग्रॅमखाली बघत नाही. सोनाराकडचा काटा मिळाला तर काचेचाही निकाल लागेल. तसं काचेला शिंपल्याची चमक नसते आणि आजींच्या विहिरीत १९७२ साली कुणी काच पुरली नव्हती, पण मला आकडा हवाय.

*

आंबेवाली | सोमवार, सकाळी ७:५०

मस्त धागा! मी रत्नागिरीची. आमच्या जांभ्यात काहीच का सापडत नाही? लहानपणापासून खोदतोय, फक्त तांबडी माती.

*

काळापाषाण | सोमवार, सकाळी ८:१०

जांभा म्हणजे खडकाचं उन्हापावसाने झिजून उरलेलं शरीर. विरघळणारं सगळं पाऊस घेऊन गेला, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तुमच्याकडे स्फटिक नाहीत, पण हापूस आहे. तक्रार करू नये.

*

वैनगंगा | सोमवार, सकाळी ९:३०

भंडारा जिल्हा हजर. सगळा महाराष्ट्र काळा पाषाण नाही बरं का! आमच्याकडचे खडक सरांच्या लाव्हापेक्षा कितीतरी जुने. चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मॅंगनीजच्या खाणी जुन्या आहेत. खाली गडचिरोलीत वैरागडला हिऱ्याची खाण होती, आइन-ए-अकबरीत तिचा उल्लेख आहे. त्यामुळे "महाराष्ट्रात अमुक सापडत नाही" म्हणताना जिल्हा विचारून बोलावं.

*

काळापाषाण | सोमवार, सकाळी ९:४५

मान्य. कान पकडले. राज्याचा सुमारे चारपंचमांश भाग लाव्हाचा, उरलेला तुमच्यासारख्या भाग्यवंतांचा.

*

सराफकट्टा | सोमवार, सकाळी ११:२०

थोडं अवांतर, पण पाचूचा विषय निघालाय म्हणून. वडिलांच्या हयातीत एका गृहस्थांनी आमच्याकडे पाचूची अंगठी गहाण ठेवली होती. रंग असा की बघत राहावं. वडिलांनी भिंगातून पाहिलं, कसाला सोनं लावलं, सगळं ठीक. काही वर्षांनी अंगठी सोडवायला कुणी आलं नाही म्हणून खडा कोंदणातून काढला आणि सहज पाण्याच्या पेल्यात टाकला. आडवा धरून बघतो तर वर पांढरा, खाली पांढरा, आणि मध्ये कंबरपट्ट्यासारखी हिरवी रेघ! दोन बिनरंगी तुकडे हिरव्या चिकट पदार्थाने जोडलेले. वरून बघताना सगळा खडा हिरवा दिसतो. वडील दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून आमच्या गल्ल्याशेजारी पाण्याचा पेला कायम असतो, गिऱ्हाईक समजतात पिण्याचा आहे.

लोक पुष्कराज म्हणून सिट्रीन घालून फिरतात, तोही पाण्यातच सापडतो. सिट्रीन म्हणजे पिवळी गार, २.६५. खरा पिवळा पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, ४ च्या आसपास. दीडपट फरक, तळहातावरसुद्धा जाणवतो. सरांचा काटा-दोरा मी उद्यापासून दुकानात लावणार. ताई, पुण्यात येणार असाल तर आमच्या पेढीवर या, शतांश ग्रॅमचा काटा आहे. व्यक्तिगत निरोप केलाय.

*

न्यूजर्सीचा_नाना | सोमवार, संध्याकाळी ७:००

इथे आमची सकाळ. चहा घेत सगळा धागा वाचला.

दर हिवाळ्यात ॲरिझोनात टूसॉनला दगडांची प्रचंड जत्रा भरते. मी दोनदा गेलो. तिथे हॉटेलांच्या खोल्या दुकानं होतात, पलंग काढून टेबलं. आणि खोल्याखोल्यांतून पुणे, नाशिक, जळगाव, औरंगाबाद लिहिलेल्या चिठ्ठ्या! जपानी माणूस वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट भिंगातून बघताना मी पाहिला. मी हडपसरला वाढलो, वाघोलीच्या खाणीवरून शेकडो वेळा स्कूटर नेली, धुळीला शिव्या घातल्या. आतमध्ये जगात कुठे मिळत नाही अशा प्रतीचं खनिज आहे हे मला ॲरिझोनात कळलं. आता हसावं की रडावं?

जुन्या चिठ्ठ्यांवर "पूना" असतं. कुणी दगड अमुक राज्याचा म्हणत नाही, पूना म्हणतात, जसं आपण सोलापुरी चादर म्हणतो.

*

गारगोटीवाला | सोमवार, रात्री ८:२०

नाना, पूनालाइट नावाचं एक खनिजही होतं. नंतर ते वेगळं खनिज नाही असं ठरलं आणि नाव बाद झालं. ही ओळख जुनी आहे. भोर घाटात रेल्वेसाठी डोंगर फोडले, १८६३ साली घाट सुरू झाला, त्या फोडाफोडीत निघालेले स्फटिक साहेबांनी घरी नेले.

कॅव्हनसाइटचं नाव म्हणजे कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून केलेली खिचडी. पहिल्यांदा सापडला अमेरिकेत ओरेगनला, पण तिथले दाणे चिमुकले. वाघोलीला निळे गेंदच्या गेंद निघाले. ताईंच्या दगडाच्या हिरव्या रंगामागेही हाच व्हॅनेडियम आहे. (सर, रागावू नका, नाव सांगितलेलं नाही!)

ज्यांना हे सगळं एका जागी बघायचंय त्यांनी सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय बघावं. शिर्डीला जाणारे बहुतेक जण त्याच्या जवळून जातात.

*

पाटीदप्तर | सोमवार, रात्री ९:१०

दादा, मलाही गोळा करायचेत. मी अकरावीत आहे. कुठे जाऊ? लेण्यांच्या डोंगरात मिळतात म्हणे.

*

गारगोटीवाला | सोमवार, रात्री ९:४०

लेण्यांत हातोडी न्यायची नाही. संरक्षित स्मारकं आहेत, आणि कायदा नसता तरी नेऊ नये. सुरुवात फुकटात होते: नवीन विहिरीचा ढिगारा, रस्त्यासाठी टाकलेली खडी, नदीपात्रातले गोटे. खडीच्या खाणीत जायचं तर मुकादमाला विचारून, सुरुंगाची वेळ टाळून, डोक्यावर हेल्मेट घालून, आणि खाणीच्या कड्याखाली उभं राहायचं नाही. खाणीतल्या माणसांशी बोलत जा. "पोकळी लागली का" हे त्यांना आपल्या आधी कळतं. त्यांनी तुकडा दिला तर योग्य पैसे द्या. त्यांच्याकडून दहा रुपयांना घेऊन जत्रेत हजारांना विकणारे पुष्कळ आहेत, आपण त्यांत नको.

आणि ऐक, सापडल्या क्षणी चिठ्ठी लिही. गाव, खाण किंवा विहीर, तारीख, बरोबर काय होतं. मी पहिली सहा वर्षं चिठ्ठ्या लिहिल्या नाहीत. माझ्याकडे आज चार खोकी भरून सुंदर दगड आहेत आणि ते कुठले हे मला सांगता येत नाही. बायको त्यांना "अनाथाश्रम" म्हणते.

*

ग्रहमान | मंगळवार, सकाळी १०:००

पाचू नसेल तरी उपरत्न म्हणून चालेल ना? हिरवा तर आहे.

*

सराफकट्टा | मंगळवार, सकाळी १०:२५

सर ज्याचा विचार करतायत तोच हा असेल तर कोंदणात बसवताना पापुद्रा निघेल. आणि बसला तरी भांडी घासताना, बसच्या दांड्याला लागून महिन्याभरात आंधळा होईल. कठीणपणाच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर अंगठीचा खडा सातच्या पुढे लागतो, कारण रस्त्यावरच्या धुळीतच गारेचे कण असतात आणि गार सातची. हा पाचलाही पोचत नाही.

*

ओढ्याकाठची | गुरुवार, दुपारी ४:३०

मंडळी, काल सराफकट्टांच्या पेढीवर गेले होते. चहा, बाकरवडी आणि तो प्रसिद्ध पाण्याचा पेला, सगळं पाहिलं.

कोरडं वजन ४१.३२. पाण्यातला आकडा १७.५८. भागाकार २.३५.

त्यांनी दहापट भिंगातून दाखवलं. बाजूंवर उभ्या बारीक रेघा आहेत, आणि आत शेंड्याच्या सपाटीला समांतर अशी एक चीर, वहीची पानं किंचित उघडल्यासारखी. त्या चिरेत इंद्रधनुष्य दिसतं. माझा मुलगा भिंग सोडायला तयार नव्हता.

सर, आता तरी सांगा.

*

काळापाषाण | गुरुवार, संध्याकाळी ५:१०

अपोफिलाइट. हिरवा अपोफिलाइट.

मला पहिल्याच फोटोत बुडाशी स्टिल्बाइट दिसला होता. केशरी-गुलाबी, मध्ये आवळलेली पेंढी दोन्ही टोकांना फुलावी तसा आकार. आजींची "लोण्याच्या रंगाची पंख्यासारखी फुलं" तीच. पांढऱ्या सुया बहुधा स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट, ते डोळ्यांनी वेगळे सांगता येत नाहीत आणि आता तर पुरावाच मोडला. ही सगळी मंडळी एकाच पोकळीत नांदणारी. शेजारी कोण राहतं ते कळलं की घर कुणाचं ते निम्मं कळतं.

बाकीचं तुम्हीच सिद्ध केलंत. चौकोनी छेद. बाजूंवर उभ्या रेघा, शेंड्यावर मोत्याची चमक, शेंड्याला समांतर पापुद्रे. गुरुत्व २.३५, पुस्तकात २.३ ते २.४. काच यात कुठेच बसत नाही, काचेला पापुद्रे नसतात. नावाचा ग्रीक अर्थच पानं सुटणारा: तापवला की आतलं पाणी निघू पाहतं आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून गारगोटीवाले गॅसजवळ नको म्हणाले. जुन्या काळी याला माशाच्या डोळ्याचा दगडही म्हणत, त्या मोती-चमकेमुळे.

शेजारच्या स्टिल्बाइटचं कुळ झिओलाइट. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असा एक दगड फुंकणीच्या ज्योतीत धरला, तो फसफसून उकळल्यासारखा झाला, म्हणून "उकळणारा दगड". अपोफिलाइट मात्र झिओलाइट नव्हे, हे परीक्षेत विचारायचो आणि निम्मा वर्ग चुकायचा. त्याची अणुरचना थरांची आहे, झिओलाइटची जाळीची. फक्त घरोबा एकत्र.

*

गारगोटीवाला | गुरुवार, संध्याकाळी ५:२५

टाळ्या!!! राहुरीकडेही एका विहिरीतून असेच हिरवे निघाले होते, ते जगभर गेले. ताई, तुमच्याकडे एकच आहे, पण विहीर माहीत आहे, खोली माहीत आहे, साल माहीत आहे, काढणारी व्यक्ती समोर बसलेली आहे. माझ्या चार खोक्यांत मिळून एवढं नाही.

*

ग्रहमान | गुरुवार, संध्याकाळी ६:००

अभिनंदन ताई. मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं निघालं असं म्हणेन. आजींचं दूध घालणं मात्र थांबवू नका, त्याने काही बिघडत नसेल तर.

*

काळापाषाण | गुरुवार, संध्याकाळी ६:१५

दुधाने बिघडत नाही. दह्याने अभिषेक नको, आंबट पदार्थ चालणार नाहीत.

*

उगाच_एक | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

सर आणि ग्रहमान यांचं एकमत. आज काय तारीख आहे, लिहून ठेवतो.

*

ओढ्याकाठची | रविवार, सकाळी ११:००

धागा वर काढतेय, शेवटचं सांगायचं राहिलं.

काल गावी गेले. आजीला कसं सांगावं कळेना. पन्नास वर्षं पाचू म्हणून जपलेला. शेवटी सरळ सांगितलं, पाचू नाही, याचं नाव अपोफिलाइट. आजी म्हणाली, "मला काय करायचंय नावाशी. पाचू म्हनलं म्हनून तुम्ही पोरांनी हात लावला न्हाई. दगड म्हनलं असतं तर गोट्या खेळला असता." आणि दगड परत वाटीत ठेवला.

गारगोटीवाल्यांच्या सांगण्यावरून मी चिठ्ठी लिहायला बसले. गाव, मळ्याचं नाव, विहीर, सात परस, साल. तारीख विचारली तर म्हणाली तारीख कुठली, पण हरभरा सोंगायच्या आधी. बरोबरचे दगड लिहिले: केशरी स्टिल्बाइट, पांढऱ्या सुया. "काढणारी" पुढे आजीचं नाव लिहिलं तेव्हा तिने कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला. तिला वाचता येत नाही, नाव तेवढं ओळखता येतं.

*

गारगोटीवाला | रविवार, सकाळी ११:२०

ताई, एक विचारू? वाटून घेतलेले बाकीचे तुकडे कुठे गेले? गावात अजून कुणाकडे असतील तर नुसते बघायला येईन, शप्पथ.

*

ओढ्याकाठची | रविवार, दुपारी १२:४५

विचारलं. आत हात जाईल तेवढे तुकडे माणसांनी नेले, त्यातला आता कुणाकडेच उरलेला नाही. भोकशाच्या भिंती तशाच चमकत राहिल्या होत्या, त्या पुढच्या सुरुंगात उडाल्या. तो सगळा माल बैलगाड्यांनी दुष्काळी कामावर गेला. तिथे बायका रस्त्यासाठी खडी फोडायच्या, आजीही होती.

"लई चमकायची ती खडी," म्हणाली. "पर लगेच फुटायची, म्हनून बरी वाटायची."

गावाकडून तालुक्याला जाणारा रस्ता तोच. आता त्यावर डांबराचे तीन-चार थर आहेत.